अठ्ठावीस दिवस

मार्च १९९८ मध्ये मी लिहिलेल्या एका पत्राची प्रत फोंड्याच्या घरी माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. पत्र अवघ्या अकरा ओळींचे आहे. आखातातील एका किनारी शहरात सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनचे काम चालू होते, खोदाईत अंदाजापेक्षा कितीतरी अधिक पाणी लागले होते, आणि त्यामुळे वाढणाऱ्या खर्चाचा दावा आम्ही करणार आहोत, एवढेच त्यात सल्लागार अभियंत्याला कळवले होते. करारानुसार ही नोटीस घटना घडल्यापासून २८ दिवसांच्या आत द्यायची होती. मी ती ४७व्या दिवशी दिली.

त्या ४७ दिवसांत पाण्याविषयी कोणी बोलत नव्हते असे मुळीच नाही. दर आठवड्याच्या बैठकीत तोच विषय निघत असे, सल्लागाराचा साईटवरचा माणूस रोज खड्ड्याच्या काठावर उभा राहून पंपांकडे पाहत असे, आणि महिन्याच्या प्रगती अहवालातही आम्ही पाण्याचा एक परिच्छेद घातला होता. सगळ्यांना सगळे ठाऊक आहे, तेव्हा वेगळे काय कळवायचे, असे मी धरून चालले. गोव्यातल्या साईटवर पाच-सहा वर्षे काढून नुकत्याच परदेशी गेलेल्या अभियंत्याला ते स्वाभाविकच वाटले. ठाऊक असणे आणि कळवलेले असणे या दोन गोष्टी करारात वेगळ्या असतात, हे त्या एकोणीस दिवसांनी मला शिकवले, आणि पुढची सगळी वर्षे बांधकाम करारांतले दावे आणि वाद हाताळताना मी या एका फरकाभोवतीच काम करत आले आहे.

आमचा दावा तरीही पूर्ण बुडाला नाही. तो करार फिडिक या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 'लाल पुस्तक' नावाच्या नमुना कराराच्या १९८७ सालच्या चौथ्या आवृत्तीवर बेतलेला होता, आणि त्या आवृत्तीच्या ५३व्या कलमात एक दयेची फट ठेवलेली आहे: नोटीस वेळेवर दिली नसेल, तर कंत्राटदाराला तेवढेच पैसे मिळतात जेवढे त्या त्या वेळी केलेल्या नोंदींवरून खरे ठरतील. आमच्याकडे अशी नोंद होती, आणि ती माझी नव्हती. केरळचे एक वयस्क फोरमन प्रत्येक पंप किती वाजता सुरू झाला, किती वाजता बंद पडला, त्यात किती डिझेल घातले आणि त्या पाळीला कोण कोण हजर होते, हे एका लांबट रजिस्टरमध्ये रोज रात्री लिहीत असत. त्यांना तसे करायला कोणी सांगितले नव्हते. त्या रजिस्टराच्या जोरावर डिझेल, पंपांचे भाडे आणि त्यांवरच्या मजुरीचा खर्च आम्हाला मिळाला. पाण्यामुळे इतर कामे विस्कळीत झाली, गवंडी आणि सुतार बसून राहिले, क्रेन दुसरीकडे हलवावी लागली, हे सारे खरे होते. पण ते कोणी लिहून ठेवलेले नव्हते, म्हणून त्याचा एक दिरहमही मिळाला नाही. पुढे २००३ मध्ये याच कलमाचा अर्थ लावताना फॉकलंड बेटांच्या न्यायालयाने सांगितले की त्या वेळच्या नोंदी म्हणजे घटना घडताना किंवा तिच्या आसपास तयार झालेले मूळ कागद, आणि नंतर घेतलेल्या साक्षीदारांच्या जबान्या त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. तो निकाल वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ते डिझेलचे डाग पडलेले रजिस्टर होते.

मी या व्यवसायात कशी आले, हे फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थिनी मला अनेकदा विचारतात, म्हणून थोडे मागे जाते. मी अभियांत्रिकीला प्रवेश घेतला त्याच पावसाळ्यात, ५ जुलै १९८६ रोजी, मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. जेमतेम सोळा वर्षांचा पूल होता तो. पणजी आणि पर्वरी यांच्यामधली सारी ये-जा पुन्हा फेरीबोटीवर आली, आणि त्या बोटींवर, बसमध्ये, आमच्या वर्गात एकच प्रश्न विचारला जात होता: चूक कोणाची? आराखड्याची, बांधणाऱ्याची, देखरेख करणाऱ्याची, की देखभाल न करणाऱ्याची? बीमची जाडी कशी काढायची हे आम्हाला महाविद्यालयात शिकवले गेले. या प्रश्नाचे उत्तर कोणत्या कागदांवरून आणि कोणत्या क्रमाने शोधायचे, हे मात्र कोणत्याही विषयात नव्हते.

घरीही त्या प्रश्नाचे एक छोटे रूप होते. माझे बाबा चिऱ्याच्या बांधकामाची कामे घेत, फोंड्यापासून सावईवेऱ्यापर्यंत. जोत्याची उंची वाढली, एक खोली अधिक झाली, विहिरीचा कठडा मागाहून सुचला, तर यजमान म्हणत, "भाई, हेही करून टाक, मागाहून बघू." बाबा ते करून टाकत. हिशेबाच्या वेळी यजमानांना सारे आठवत असे, फक्त त्याची किंमत बाबांच्या आठवणीपेक्षा कमी असे. दोघेही प्रामाणिक होते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. दोन प्रामाणिक माणसांच्या दोन आठवणींमधून जेवढी कटुता निर्माण होते तेवढी लबाडीमधूनही होत नाही, असे माझे इतक्या वर्षांचे मत आहे. "लिहून घ्या" असे मी एकदा बाबांना म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "बाय, लिहून मागितले तर त्यांना वाटेल माझा त्यांच्यावर विश्वास नाही." आपल्याकडच्या कंत्राटदाराची नोटीस का लिहिली जात नाही, याचे यापेक्षा अचूक कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

पदवीनंतरची पहिली वर्षे मी कोकण रेल्वेच्या एका उपकंत्राटदाराकडे पेडणे भागात काढली, लहान पूल आणि मोऱ्यांच्या कामावर. आमच्या साईटपासून जवळच पेडण्याचा बोगदा चालू होता. लांबी सुमारे दीड किलोमीटरच, पण जमीन अशी की खोदलेला भाग ओल्या मातीच्या लोंढ्याने पुन्हा भरून यावा. सह्याद्रीच्या कठीण खडकातले कितीतरी लांब बोगदे त्याच्या आधी पार पडले, आणि हा आखूड बोगदा सगळ्यांना अडवून बसला. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. जमिनीच्या पोटात काय आहे हे निविदा भरणाऱ्याला कसे कळावे, आणि जे कळणे शक्य नव्हते त्याचा भार कोणी उचलावा, हा विचार माझ्या मनात पहिल्यांदा तिथे आला.

या प्रश्नाला जगभरातील बांधकाम व्यवसायाने जे उत्तर घडवले आहे, त्याचा मोठा भाग फिडिकच्या करारांमध्ये सापडतो. फिडिक ही सल्लागार अभियंत्यांची १९१३ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना. तिचे कार्यालय जिनिव्हाला आहे आणि तिने प्रसिद्ध केलेले करारांचे नमुने मुखपृष्ठाच्या रंगावरून ओळखले जातात. मालकाने आराखडा द्यायचा आणि कंत्राटदाराने बांधायचे असेल तर लाल पुस्तक, आराखडाही कंत्राटदाराचाच असेल तर पिवळे, आणि ठरलेल्या किमतीत सगळे काही करून किल्ली हाती द्यायची असेल तर चंदेरी. हे रंग म्हणजे जोखमीची वाटणी आहे. अनुभवी कंत्राटदाराला निविदेच्या वेळी वाजवीपणे दिसू शकली नसती अशी जमीन लागली, तर १९९९ च्या लाल आणि पिवळ्या पुस्तकांच्या ४.१२ या उपकलमाखाली त्याला वेळ आणि खर्च मिळतो, नफा मिळत नाही. चंदेरी पुस्तकात हीच जोखीम त्याने स्वतःच्या किमतीत धरलेली असते. परदेशी कामाची निविदा भरणाऱ्या आपल्याकडच्या काही तरुण कंपन्या दर काढण्यात रात्री घालवतात आणि पुस्तक कोणत्या रंगाचे आहे हे काम मिळाल्यावर विचारतात, हे पाहून मला फार वाईट वाटते.

१९९९ च्या आवृत्तीने आणखी एक बदल केला, आणि तो माझ्या आयुष्याशी थेट जोडलेला आहे. चौथ्या आवृत्तीतली ती दयेची फट तिने बुजवली. घटनेची जाणीव झाल्यापासून, किंवा व्हायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांत नोटीस आली नाही तर मुदतवाढ नाही, अधिक पैसे नाहीत, आणि मालक त्या दायित्वातून मोकळा, असे २०.१ या उपकलमात सरळ लिहिले आहे. म्हणजे १९९८ साली मी केलेली चूक काही वर्षांनी केली असती, तर फोरमनच्या रजिस्टरासह सारा दावा नाहीसा झाला असता.

२००८ साली तसेच घडले, आणि या वेळी मी तारखा मोजत होते. मी तेव्हा एका कंपनीत कॉन्ट्रॅक्ट्स मॅनेजर होते. उंच हॉटेलच्या इमारतीचे काम होते, मालकाच्या वास्तुविशारदाकडून नकाशे महिनोन्महिने उशिरा येत होते, आणि मी पहिल्या विलंबाच्या नवव्या दिवशी नोटिशीचा मसुदा वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि परत दिला. दुसऱ्या टप्प्याचे काम याच मालकाकडून मिळायचे आहे, आता पत्र पाठवून वातावरण बिघडवू नका, असे ते म्हणाले. विसाव्या दिवशी मी पुन्हा गेले, सत्ताविसाव्या दिवशी पुन्हा गेले. अठ्ठाविसावा दिवस गुरुवार होता, आणि संध्याकाळी साईटवरचे दिवे लागेपर्यंत मी त्या मसुद्यासमोर बसून होते. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरचा पैसा आटला, दुसरा टप्पा कधी आलाच नाही, मालकाने नवा सल्लागार नेमला, आणि त्या सल्लागाराने आमच्याकडे एकच गोष्ट मागितली: नोटिशींच्या प्रती. कंपनीने शेकडो माणसे घरी पाठवली. त्यांत डिचोलीचे, सावंतवाडीचे, कारवारचे लोक होते. काहींना मी स्वतः मुलाखत घेऊन नेमले होते. त्यांच्या नोकऱ्या केवळ त्या पत्रामुळे गेल्या असे मी म्हणणार नाही, पण त्या पत्राने जे पैसे सुरक्षित राहिले असते त्यांत कित्येकांचे काही महिने निभावले असते, आणि ते आजही मनातून जात नाही.

पुढे त्या प्रकरणात आमच्या वकिलांनी मांडलेला मुद्दा मला नव्या अभ्यासाकडे घेऊन गेला. करार कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे, यावर त्याच शब्दांचे बळ बदलते. संयुक्त अरब अमिरातींच्या १९८५ सालच्या नागरी व्यवहार कायद्याचे २४६वे कलम करार सद्भावनेने पार पाडायला सांगत असे. ज्या मालकाला विलंबाची पुरेपूर कल्पना होती आणि जो स्वतःच त्याला कारणीभूत होता, त्याने केवळ पत्र आले नाही म्हणून हात झटकणे सद्भावनेत बसते का, असा तो प्रश्न होता. इंग्लंडमध्ये अशा मुदतीचे कलम स्पष्ट शब्दांत असेल तर न्यायालये ते सहसा जसेच्या तसे लागू करतात. भारतात १८७२ च्या करार कायद्याचे २८वे कलम आडवे येते, कारण ठरावीक मुदत संपताच पक्षकाराचा हक्कच नष्ट करणारी तरतूद ते कलम, १९९७ च्या दुरुस्तीनंतर, निरर्थक ठरवते, आणि त्यामुळे २८ दिवसांची अट आपल्याकडे कितपत टिकेल यावर युक्तिवादाला जागा राहते. दंडाचेही तसेच. उशिरासाठी दर दिवसाची ठरलेली रक्कम भारतात ७४व्या कलमाखाली कमाल मर्यादा मानली जाते आणि तिच्या आत वाजवी भरपाई ठरवली जाते. तीच रक्कम आखातातील न्यायाधीश प्रत्यक्ष नुकसान पाहून बदलू शकतो.

गोव्यातून गेलेल्या माणसाला हे समजणे थोडे सोपे जाते, असे मला नेहमी वाटत आले आहे. आमच्याकडे वारसा आणि विवाहाच्या बाबतीत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा अंमल मुक्तीनंतरही चालू राहिला, त्यामुळे पत्रादेवीचा नाका ओलांडला की बापाच्या जमिनीचा कायदा बदलतो, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेले असते. आखातातील नागरी कायद्यांवर इजिप्तच्या १९४८ च्या संहितेचा मोठा प्रभाव आहे आणि त्या संहितेच्या मागे फ्रेंच परंपरा उभी आहे. फोंड्याच्या नोटरीच्या कचेरीत आजोबांच्या इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसावाटणीचे, कागद पाहिलेल्या मला ती कलमांची मांडणी परकी वाटली नाही. माझ्याबरोबरच्या दिल्ली-मुंबईच्या मित्रांना मात्र प्रत्येक गोष्टीत इंग्लिश निवाडा शोधायची सवय मोडायला वेळ लागला.

विलंबाच्या प्रश्नाकडे वळते, कारण माझ्या कामाचा निम्म्याहून अधिक भाग तोच आहे आणि बाहेरच्या माणसाला तो सर्वांत कमी दिसतो. आखातातील उदाहरण देण्यापेक्षा गोव्यातले कल्पित उदाहरण देते. खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल खाऱ्या जमिनीच्या, काठावर एका पुलाचा पाया १ फेब्रुवारीला खोदायला घ्यायचा आहे आणि ३१ मेपर्यंत तो जमिनीच्या वर यायचा आहे. झाडे तोडण्याच्या परवानगीला उशीर झाला आणि मालकाने जागा वीस दिवसांनी दिली. पाया जूनमध्ये ढकलला गेला, मृगाचा पाऊस लागला, खड्डा भरला, आणि काम ऑक्टोबरपर्यंत थांबले. मालक म्हणतो, माझा उशीर वीस दिवसांचा, तेवढी मुदत घ्या. कंत्राटदार म्हणतो, तुमच्या वीस दिवसांनी माझे चार महिने नेले. दोघेही आपापल्या जागी बरोबर दिसतात. उत्तर शोधायचे तर आधी पाहावे लागते की ते वीस दिवस कामाच्या त्या साखळीवर पडले का, जिची एक कडी सरकली की शेवटची तारीख सरकते. मग पाहावे लागते की कंत्राटदाराच्या वेळापत्रकात पाया आणि पाऊस यांच्यामध्ये किती मोकळे दिवस होते. मग त्याची पायलिंगची मशीन प्रत्यक्षात कधी आली ते पाहावे लागते. ती २५ फेब्रुवारीला आली असेल, तर जागा वेळेवर मिळूनही तो खोदू शकला नसता, आणि दोघांचे विलंब एकमेकांवर पडतात. अशा वेळी मुदतवाढ दिली जाते पण लांबलेल्या काळाचा खर्च बहुधा दिला जात नाही, असा विचार इंग्लिश परंपरेत रुजलेला आहे. लंडनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेने विलंब आणि विस्कळीतपणा यांवर जी मार्गदर्शिका काढली, २००२ मध्ये पहिली आणि २०१७ मध्ये दुसरी आवृत्ती, तिचीही दिशा तीच आहे. याउलट मशीन वेळेवर उभी होती, माणसे हजर होती आणि केवळ जागा नव्हती, असे नोंदींवरून दिसले, तर पावसाचे चार महिनेही मालकाच्या विलंबाचेच फळ आहेत, असे म्हणायला मी कचरणार नाही, कारण गोव्यात जूनमध्ये पाऊस पडतो हे दोघांनाही करार करताना ठाऊक होते.

हे सारे ठरवायला संगणकावरचे प्रिमाव्हेराचे वेळापत्रक लागते, पण त्यापेक्षा अधिक लागते ती रोजची डायरी. आपल्या केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारपद्धतीत अडथळ्यांची नोंदवही ठेवायची तरतूद आहे, साईटवर तिला हिंड्रन्स रजिस्टर म्हणतात. कोणता अडथळा कधी सुरू झाला आणि कधी दूर झाला, याची दोन्ही बाजूंच्या सह्यांसह नोंद त्यात व्हावी असे अपेक्षित असते. परदेशातील महागड्या तज्ज्ञांना सहा महिने लागतात ते शोधून काढायला हे एक रजिस्टर पुरेसे आहे, आणि तरीही ते अनेकदा बिल अडल्यावर एका बैठकीत भरलेले मी पाहिले आहे. एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात भरलेल्या दोन वर्षांच्या नोंदी लवादाच्या टेबलावर आल्या की पुढे काय होते हे सांगायची गरज नाही.

जिब्राल्टरचे प्रकरण मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. तिथल्या विमानतळाच्या धावपट्टीखालून बोगदा आणि रस्ता बांधण्याचा करार डिसेंबर २००८ मध्ये एका स्पॅनिश कंपनीशी झाला, पिवळ्या पुस्तकावर बेतलेला. जमीन प्रदूषित निघाली, खडक अपेक्षेपेक्षा अधिक निघाला, काम रेंगाळले, आणि २०११ मध्ये करार संपुष्टात आणला गेला. कंपनीचा दावा शेकडो दिवसांच्या मुदतवाढीचा होता. लंडनच्या न्यायालयाने २०१४ मध्ये तिला सात दिवस दिले. लष्करी वापराचा इतका जुना इतिहास असलेल्या जागेत प्रदूषित माती लागणार, हे अनुभवी कंत्राटदाराने स्वतःच धरायला हवे होते, मालकाच्या अहवालातील आकड्यांवर विसंबून चालणार नव्हते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. हा निकाल वाचून मी कितीतरी वेळा पेडण्याकडे परत जाते. तिथला अनुभवी कंत्राटदार काय धरून चालला असता?

वाद झालाच तर तो कुठे जातो, याबद्दल थोडे. १९९९ पासून फिडिकच्या तिन्ही मोठ्या पुस्तकांत वाद आधी एका मंडळापुढे जातो. १९९९ मध्ये त्याला डॅब (डिस्प्युट ॲडज्युडिकेशन बोर्ड, म्हणजे वादनिवाडा मंडळ) म्हणत, २०१७ च्या आवृत्तीत वाद टाळण्याचे कामही त्याच्याकडे आल्यामुळे नावात आणखी एक अक्षर वाढले. या कल्पनेचे मूळ अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्यात आहे. पहिल्या बोगद्याच्या कामात वादांनी हैराण झालेल्या मंडळींनी १९७५ मध्ये दुसऱ्या बोगद्यासाठी असे मंडळ नेमले. मंडळ काम चालू असतानाच उभे असते, फार तर १४० दिवसांच्या अंतराने साईटवर येते, आणि वाद सोपवल्यापासून ८४ दिवसांत निर्णय देते. तो निर्णय मान्य नसेल तरी आधी पाळायचा आणि मग लवादाकडे जायचे. मला हा माझ्या व्यवसायातला सर्वांत माणुसकीचा भाग वाटतो. मंडळावरचे तिघे बूट घालून खड्ड्यात उतरतात, दोन्ही बाजूंबरोबर साईटच्या मेसमध्ये जेवतात, आणि भांडण शब्दांवर येण्याआधीच कोणीतरी म्हणते, "हे पत्र मागे घ्या, आधी दोघे मिळून मोजमाप घ्या." आमच्या देवस्थानांच्या महाजनांच्या बैठकीत वडीलधारे हेच करत असत. दुर्दैवाने बरेच मालक पैसे वाचवण्यासाठी हे मंडळ कामाच्या सुरुवातीला नेमतच नाहीत, आणि वाद पेटल्यावर नेमलेल्या मंडळाला खड्डा दिसत नाही, फक्त फाइली दिसतात.

लवादाविषयी मी मुद्दाम कमी लिहिते आहे, कारण तिथली कामे गोपनीय असतात. एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. मी साक्षीदार तज्ज्ञ म्हणून आणि पुढे लवादाच्या मंडळावर बसून ज्या उलटतपासण्या पाहिल्या, त्यांत सर्वांत अधिक यातना साईटवरच्या अभियंत्याला होतात. सहा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी काँक्रीट का थांबले, असे त्याला विचारले जाते. त्याने तो पूल बांधलेला असतो, त्याच्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले काम असते, आणि त्याला आठवत नाही. तो खोटे बोलत नाही, तो फक्त त्या दिवशी लिहायला विसरलेला असतो. अशा साक्षीदारापुढे बसले की मला बाबांची आठवण होते.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या गोव्यातल्या मुलामुलींना माझे सांगणे असे की पहिली चार-पाच वर्षे साईट सोडू नका. मोजमाप घ्या, एमबी म्हणजे मोजमापाची वही लिहा, बिले करा, रेडिमिक्सची चलने जुळवा. कायद्याची पदवी नंतर घेता येते. मी स्वतः रात्री अभ्यास करून कायदा शिकले आणि लंडनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्सच्या परीक्षा दिल्या, तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. वकिलांना कलमे आमच्यापेक्षा चांगली कळतात, पण शटरिंग उतरवायला किती दिवस लागतात हे ज्याने उभे राहून पाहिले आहे त्याचे म्हणणे मंडळ वेगळ्या कानाने ऐकते. देशातही काम आहे, मात्र वारे बदलते आहे: केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जून २०२४ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार सरकारी खरेदीच्या करारांत दहा कोटींहून मोठ्या वादांसाठी लवादाचे कलम सरसकट घालू नये, मध्यस्थीला प्राधान्य द्यावे, असे धोरण आले आहे. मध्यस्थीचा २०२३ चा कायदाही आहे. तेव्हा नुसते लढणे शिकून चालणार नाही, समोरच्या दोघांना एका टेबलावर बसवणेही शिकावे लागेल. स्त्रियांना या कामात जागा आहे का, असे आया मला विचारतात. आहे. मी गेले तेव्हा साईट ऑफिसच्या बैठकीत अनेकदा एकटी असे. आता मंडळावर माझ्या शेजारी दुसरी स्त्री बसलेली असते आणि कोणी वळून पाहत नाही.

नोटीस कशी लिहावी, हे मी सर्वांत अधिक वेळ घेऊन शिकवते. त्यात आरोप नसावा, विशेषण नसावे, वकिली भाषा तर मुळीच नसावी. काय घडले, कधी घडले, कोणत्या कलमाखाली कळवतो आहोत, आणि तपशील मागाहून देऊ, एवढे पुरे. असे पत्र मालकालाही उपयोगी असते, कारण वेळेत कळले तर तो आराखडा बदलू शकतो, पैशांची सोय करू शकतो, दुसरीकडे खोदायला सांगू शकतो. बाबांच्या यजमानांना जर त्याच संध्याकाळी एका चिठ्ठीवर "जोते दोन थर वाढले" असे लिहून मिळाले असते, तर मला खात्री आहे, त्यांना वाईट वाटले नसते.

परवा रात्री साखळी गावच्या एका मुलाचा निरोप आला. दोन वर्षांपूर्वी तो माझ्याकडे शिकायला येत असे, आता ओमानमध्ये एका रस्त्याच्या कामावर आहे. वाळूच्या थराखाली नकाशात नसलेली जुनी जलवाहिनी लागली होती आणि त्याने मसुदा पाठवला होता. "ताई, बघता का?" पत्र बारा ओळींचे होते. "मालकाच्या गंभीर निष्काळजीपणामुळे" हे शब्द मी काढायला सांगितले, जलवाहिनी सापडल्याची वेळ घालायला सांगितली, आणि त्या दिवशीचे फोटो तारखेसह जोडायला सांगितले. मग विचारले, आज कितवा दिवस. तो म्हणाला, सहावा. सातव्या दिवशी सकाळी सल्लागाराच्या कार्यालयाचा शिक्का असलेली पोच त्याने मला पाठवली.